उसने दहा

शेवटचा हप्ता मार्चमध्ये आला.
सोबत पत्र : तीन वर्षांच्या सोबतीबद्दल आभार,
आणि एक तक्ता, ज्याच्या तळाच्या चौकटीत
बारा ओळींत लिहायचं होतं
आम्ही गेल्यावर तुम्ही कसे चालाल.

चालायचं कशाला, दोरिका म्हणाली, चाकं आहेत की.

चार सायकली, मागे जोडलेल्या चार गाड्या,
रेक्झिनची गादी, वर कापडी छत,
गावापासून दवाखाना अकरा किलोमीटर.
तीन वर्षांत दोनशे सहा बायका नेल्या.
एक वाटेतच मोकळी झाली, निलगिरीखाली;
त्या पोराचं नाव न्जिंगाच पडलं, म्हणजे सायकल.

खजिनदार मी, एनिफा कापालामुला.
पूर्वी तिसरीला वजाबाकी शिकवायची.
वरच्यातून खालचा जात नसेल
तर शेजारच्या घरातून दहा उसने आणायचे.
शेजारी शून्य असेल तर त्याच्या पलीकडे जायचं.
किती घरं पलीकडे, ते पुस्तकात नव्हतं.

चक्कीच्या ओसरीवर बसून यादी केली.
टायर आठ, ट्यूब सोळा, ब्रेकचे रबर, आरे,
वायसनचा आणि बाकी तिघांचा भत्ता,
गादी धुवायचा साबण.
(रक्त गार पाण्यानेच निघतं,
हे एवढं एक आम्हाला कुठल्या शिबिरात शिकवलं नाही.)

लिझिनेट म्हणाली, खेपेला पैसे घेऊ.
रात्री दोनला कळा सुरू झालेल्या बाईच्या
चितेन्जेच्या गाठीत किती क्वाचा असतात, लिझिनेट?
मग बाजाराच्या दिवशी गाड्या भाड्याने देऊ,
सिमेंटला, कोळशाला, सुक्या मासळीला.
इतका वेळ गप्प असलेला वायसन म्हणाला,
मंगळवारी यायचं नाही, असं बाळांना कळवणार कोण?
हसलो. पण कलम खोडलं नाही.
चारातली एक गाडी, फक्त एक, असं लिहिलं.

मग मक्याची गोष्ट निघाली.
सुगीला दर घराने दोन बादल्या द्यायच्या,
कोठारात ठेवायच्या,
जानेवारीत भाव तिप्पट झाला की विकायचं.
मी गणित केलं. बसलं.
टायर बसले, ट्यूबा बसल्या, साबणसुद्धा,
तोंडमिळवणी होऊन वर थोडे उरतही होते.
इतका सुबक आकडा माझ्या हातून कधी आला नव्हता.

कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेली फालेसी
वर न बघताच म्हणाली,
जानेवारीत तो विकत कोण घेणार?

चक्कीचा पट्टा नुसताच फिरत राहिला.

आपणच.

अर्धा झोम्बाच्या वसतिगृहाला, तिथल्या भावाने.
अर्धा गावाला, सुगीच्याच भावाने.
असं ठरलं आणि गणित मोडलं.
तीन टायर आणि सात महिन्यांचा भत्ता बाहेर राहिला.
चौकटीत मी तेच लिहिलं, सातव्या ओळीपर्यंत.
पुढे काय लिहावं कळेना.
दोरिका म्हणाली, लिही, 'गावाचा सहभाग'.
त्यांना आवडतात असले शब्द.
लिहिले. शाई वाळायच्या आत लाज वाटली.

जुलैतली पहिली खेप.
वायसन पहाटे परतला, गुडघ्यापर्यंत लाल धूळ,
मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.
मी भत्त्याची वही पुढे केली.
पैसे नाहीत ना आता, तो म्हणाला,
असू दे, फुकट केलं समज.

फुकटला माझ्या वहीत रकाना नाही.
देण्याच्या बाजूला लिहिलं :
वायसन न्खोमा, बावीस किलोमीटर, रात्रीचे.
त्याने सही केली नाही, हसत निघून गेला,
मागचं चाक कुरकुरत होतं.

दहा उसने आणले
की ज्या घरातून आणले त्या आकड्यावर काट मारून
वर एक कमी लिहायचा.
पोरं हमखास तिथेच चुकायची.